बाहेर जाण्याची वेळ : एक चाळीस

तारीख अठरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी सहा वाजता. जागा, आमच्या सोसायटीचं कार्यालय, म्हणजे पार्किंगमधली एक खोली, पत्र्याचं कपाट आणि सात प्लास्टिकच्या खुर्च्या. हजर : अध्यक्ष (निवृत्त बँक अधिकारी), खजिनदार, चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांचे यजमान, गेटवरचे वॉचमनकाका आणि सचिव म्हणून मी.

ज्या बाईबद्दल बैठक होती तिला बोलावलं नव्हतं. बोलवावं असं कुणी सुचवलंही नाही. मी इतिवृत्त लिहीत होते आणि माझ्याही डोक्यात ते आलं नाही. गेले चार महिने मी जो राग घेऊन फिरते आहे, त्याची सुरुवात तिथपासून करायला हवी, कारण त्यातला पहिला हिस्सा माझा आहे.

प्रकरण असं. वहिनी रविवारी अमरावतीहून नात्यातलं एक लग्न आटपून परतल्या. मंगळवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की सासूबाईंनी दिलेल्या दोन पाटल्या कपाटात नाहीत. सोमवारी घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं, ते म्हणजे धुणंभांडी आणि फरशी करणारी बाई. वहिनी हिंजवडीच्या एका कंपनीत आहेत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. सोमवारी साडेअकरा ते दोन त्या दार लावून, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होत्या. बाई काम झालं की दार ओढून घेऊन जाते. ती किती वाजता गेली हे वहिनींना माहीत नव्हतं.

"रोज बारापर्यंत आटपतं तिचं," वहिनी म्हणाल्या.

"मग बघूया की काल कधी आटपलं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी रजिस्टर उघडलं. ते माझं रजिस्टर होतं. मी चोवीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर्स सांभाळलं आहे, मला वस्तू कुठून आली, कधी आली, कुठे गेली हे लिहिलेलं लागतं. सचिव झाल्यावर पहिल्या महिन्यात मी घरकामाच्या बायकांची यादी केली. नाव, फोटो, आधार क्रमांक, कुठल्या फ्लॅटमध्ये काम, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. बाहेर जाताना पिशवी तपासायची. कुणी पोळ्या, जुना ड्रेस, मुलीचं दप्तर असं काही दिलं असेल तर देणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी हवी. त्या चिठ्ठीचा नमुना मी स्वतः टाइप केला होता. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत हेच चालतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आमचं रजिस्टर शेजारच्या दोन सोसायट्यांनी मागून नेलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्या यादीत ती चौदाव्या क्रमांकावर होती, आमच्या सोसायटीत तिचं हे एकच घर. सोमवार, आत दहा पंचवीस. बाहेर एक चाळीस.

मग वहिनींचे यजमान म्हणाले, "म्हणजे दीड तास जास्त. दीड तास ती घरात काय करत होती?"

"कागद खोटं कशाला बोलेल," अध्यक्ष म्हणाले.

वॉचमनकाका दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ते ओशाळले आहेत. मी त्या ओळीवर पिवळ्या पेनाने खूण केली, पानाच्या तीन प्रती काढल्या, प्रत्येकीवर "खरी प्रत" असा शिक्का मारला आणि खाली सही केली. हे सगळं दहा मिनिटांत झालं. मी कामाला चटपटीत आहे असं लोक म्हणतात.

गुन्हा त्याच रात्री दाखल झाला. तिचं नाव संशयित म्हणून लिहिलं गेलं. कलम नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीचं. मला तोवर माहीत नव्हतं की असं वेगळं कलम आहे. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, नोकराने केली तर सात. माझी मावसबहीण वकील आहे, तिला मी विचारलं की नोकरावर खोटा आळ घेतला तर मालकाला किती. ती फोनवर हसली. "तू आपलं स्टोअर्स सांभाळ," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. रजिस्टरची मूळ वही दाखवायला बोलावलं होतं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहून काही फरक पडणार नाही. ती बाहेरच्या लाकडी बाकावर बसली होती. चौतीस वर्षांची बाई. आमच्या सोसायटीतले साठीचे आजोबासुद्धा तिला "मावशी" म्हणतात, मीही म्हणत होते. हिरवट साडी, पायात रबरी चपला, मांडीवर तीच कापडी पिशवी जी आमच्या गेटवर रोज उघडली जायची.

"किती वेळ बसलात?" मी विचारलं.

"दहापासनं."

दोन वाजले होते.

"काय विचारलं?"

"आडनाव विचारलं. मग जात विचारली. मग म्हणाले, बस."

"आणि?"

"आणि काय ताई. बसले."

मी आत गेले. उपनिरीक्षक तरुण होते, टेबल नीटनेटकं, बोलणं सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी वही पुढे केली. त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, असं रेकॉर्ड ठेवणारी सोसायटी आम्हाला भेटत नाही. सगळ्यांनी असं ठेवलं तर आमचं अर्धं काम होईल."

मी "थँक्यू" म्हणाले. हे मी लपवू शकले असते. पण म्हणाले.

तिला संध्याकाळी पावणेसहाला सोडलं. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवायला नको म्हणून. गुरुवारी सकाळी दहाला परत बोलावलं. पुन्हा पावणेसहा. शुक्रवारी पुन्हा. कायदा अगदी काटेकोर पाळला जात होता, रोज सूर्य मावळेपर्यंत. तीन दिवसांत तिची चार घरं सुटली. तिची मुलगी आठवीत आहे, ती शाळेतून येऊन कुलपापाशी बसायची, कारण किल्ली आईच्या पिशवीत आणि फोन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

शुक्रवारी मी कुणी न बोलावता ठाण्यात गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. वहीत काहीतरी बसत नव्हतं एवढं कळत होतं. ती बाकावरच होती. मी शेजारी बसले. माझ्या डब्यातली एक पोळी पुढे केली, ती तिने घेतली नाही.

"ह्या बाकावर मी आधी पण बसलेय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. नवऱ्यानं डोकं फोडलं होतं तेव्हा. चार टाके होते. तेव्हा दोन तासांत म्हणाले, घरी जा. घरचं आहे, घरी मिटवा. मी म्हणत होते, मला घरी नाही जायचं, लिहून घ्या. नाही लिहिलं." तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "आता म्हणते घरी जाऊ द्या, तर सोडत नाहीत."

समोर भिंतीवर महिलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा मोठा फलक होता.

"सोमवारी तुम्ही किती वाजता निघालात?" मी विचारलं. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. पोलिसांनी विचारला होता, पण उत्तर लिहून घेतलं नव्हतं.

"बारा वाजून गेले होते. दहा मिनिटं झाली असतील. मला अंगठा देऊन रेशन घ्यायचं होतं, दुकान एकला बंद करतो तो."

ती विश्रांतवाडीला राहते. रेशनच्या दुकानात आता यंत्रावर अंगठा द्यावा लागतो आणि यंत्रातून पावती निघते. पावतीवर तारीख असते, वेळ असते. मी स्टोअर्सची बाई आहे, मला हे लगेच सुचायला हवं होतं, पण तिच्या तोंडून "अंगठा" हा शब्द येईपर्यंत सुचलं नाही.

"पावती आहे?"

तिने पिशवीत हात घातला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात चुरगळलेली पावती होती. सतरा नोव्हेंबर, बारा बावन्न. एक चाळीसच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी ती आमच्या गेटपासून एक बस पलीकडे, तांदळाच्या पोत्यापाशी उभी होती.

"हे साहेबांना दाखवलं का नाही?"

"म्हणाले, विचारू तेव्हा बोल."

मी ती पावती घेऊन आत जाणार होते. तिने माझा हात धरला. जोरात. "आधी फोटो काढा," म्हणाली. "आणि ही माझ्याकडे राहू द्या. तुम्ही फोटो दाखवा."

तिचं बरोबर होतं. मी फोटो दाखवला. उपनिरीक्षकांनी तो मोठा करून पाहिला. म्हणाले, "अंगठा दुसऱ्या कुणाचाही चालतो, घरातल्या. मुलगी गेली असेल." सोमवारी दुपारी मुलगी शाळेत होती, हजेरी बघा, मी म्हणाले. "मॅडम, तुम्ही परवा सही करून सांगितलंत की ती एक चाळीसला गेली. आज म्हणता बाराला. नक्की कधी खरं बोलताय?"

मी गेटवर आले. वॉचमनकाका लातूरकडचे आहेत, साठी ओलांडलेले, कुणाला दुखवत नाहीत. मी वही त्यांच्या समोर ठेवली आणि मागची पानं उलटली. मग मला ते दिसलं. गेल्या दोन महिन्यांत बाहेर जाण्याच्या सगळ्या वेळा एक पंचवीस ते एक पंचावन्नच्या आत होत्या. सगळ्या एकाच पेनाने, एकाच झोकात लिहिलेल्या. अठरा बायका, रोज, अर्ध्या तासात रांगेने बाहेर पडल्यासारख्या. ही वही मी दर शनिवारी तपासून सही करत होते.

"काका, हे काय आहे?"

"मॅडम, रागावू नका."

"सांगा."

"पिशवी मी बघतो. ती चुकवत न्हाई. पर लिवायला हात कुठं मोकळा ऱ्हातोय. डिलिवरीची पोरं रांग लावत्यात, एकाला कोड पायजे, एकाला सही. बाया निघून जात्यात. मग दोनला ड्युटी बदलताना समद्यांच्या वेळा टाकून देतो."

"अंदाजाने?"

"तुमीच म्हनला व्हता ना. दिवाळीच्या आधी. रकाना रिकामा दिसला तर पगारातनं कापीन."

म्हणाले होते. तसंच म्हणाले होते. एकही रकाना रिकामा नको. त्यांनी माझा हुकूम पाळला होता.

"त्या दिवशी बैठकीत का नाही बोललात?"

"कुनी विचारलंच न्हाई, मॅडम."

गेटवरच्या कॅमेऱ्याने सगळं सांगितलं असतं. तो ऑगस्टपासून बंद होता. माझ्या कामांच्या यादीत सातव्या क्रमांकावर "कॅमेरा दुरुस्ती, दरपत्रक मागवणे" असं लिहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेले. त्यांना सांगितलं की रजिस्टरमधल्या वेळा अंदाजाने भरलेल्या आहेत, तसं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर ठाण्याला द्यायला हवं.

"बसा," ते म्हणाले. "चहा घेणार?"

"नको."

"मग ऐका. आपण सचिव आहात. वकील नाही, समाजसेविका नाही. आपलंच रजिस्टर खोटं आहे असं आपणच लिहून द्यायचं? उद्या दुसरी चोरी झाली तर कोण विश्वास ठेवेल?"

"पण ते खोटंच आहे."

"खोटं नाही. अचूक नाही. फरक असतो." ते हसले. "आणि ती निर्दोष असेल तर सुटेलच की. कोर्ट कशाला आहे?"

"तोवर?"

"तोवर काय? तुरुंगात थोडीच टाकलंय. बसवून ठेवलंय."

बसवून ठेवलंय. हा शब्द मी गेल्या चार महिन्यांत इतक्या लोकांकडून इतक्या सहज ऐकला आहे की आता ऐकला की कानशिलं तापतात. तीन दिवस बसवून ठेवल्याची ठाण्यात कुठे नोंद आहे का, हे मावसबहिणीने नंतर अर्ज करून विचारलं. लेखी नोटीस दिली होती का, कधी आली, कधी गेली. उत्तर आलं की अशी नोंद आढळून येत नाही. म्हणजे आमच्या गेटवर ती किती वाजता बाहेर पडली याचा खोटा कागद आहे, आणि ठाण्याच्या बाकावर ती तेवीस तास बसली याचा कागदच नाही. तिच्या टाक्यांचाही नाही. कागद कुणाचा करायचा आणि कुणाचा नाही हे ठरवणारी माणसं कधी बाकावर बसत नाहीत, खुर्चीवर बसतात. त्या खुर्चीवर मीही बसले होते, पाणी पीत.

पत्र मी माझ्या साध्या कागदावर लिहिलं. लेटरहेड नाही, शिक्का नाही. प्रत्येक शनिवारी मी न बघता सही केली, हेही लिहिलं. वॉचमनकाकांचा जबाब जोडायला ते तयार झाले, मग त्यांच्या एजन्सीने फोन केला आणि ते तयार नव्हते. मी एकटीचं पत्र दिलं आणि पोच घेतली. उपनिरीक्षक म्हणाले, "फाईलला लावतो."

तिला शनिवारपासून बोलावणं बंद झालं. गुन्हा तसाच राहिला.

आता खरं सांगायचं ते हे. ऑक्टोबरमध्ये तिची खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये हाउसकीपिंगसाठी निवड झाली होती. ठेकेदारामार्फत, पण पक्की नोकरी. ठरलेला पगार, फंड, आजारपणाचा विमा, रविवारी सुट्टी. तिने माझ्यासारख्यांच्या घरची धुणीभांडी सतरा वर्षं केली, त्यात रविवार नव्हता. एक डिसेंबरला रुजू व्हायचं होतं. फक्त पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. तिने अर्ज भरला होता. आता त्या अर्जापुढे उत्तर येत होतं की अर्जदाराविरुद्ध गुन्हा नोंद आहे.

हे मला तिने सांगितलं नाही. तिच्या मुलीने सांगितलं, मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा. ती मात्र म्हणाली, "ताई, तुम्ही पळताय ते दिसतंय मला. पण वही तुमची होती."

"हो."

"पिशवी पण तुम्हीच बघायला लावली."

"हो."

"मग मला काय सांगायला आलात?"

मी म्हणाले, ठेकेदाराशी बोलते. ती म्हणाली, बोला. तिने चहा केला नाही आणि मला ते योग्य वाटलं.

ठेकेदाराच्या माणसाने जागा महिनाभर धरून ठेवायचं कबूल केलं. "मॅडम, आम्हालाही वरून विचारतात. चोरीची केस आहे म्हटलं की कोण घेणार," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. या प्रकरणात मला भेटलेला एकही माणूस वाईट नव्हता. सगळे आपापलं काम नीट करत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाटल्या सापडल्या.

वहिनींनी मला जिन्यात गाठलं. लिफ्ट सोडून त्या मुद्दाम जिन्याने आल्या होत्या. लग्नात ओटीत मिळालेल्या खणाच्या घडीत पाटल्या होत्या. प्रवासात हातात नकोत म्हणून त्यांनीच तिथे ठेवल्या होत्या आणि विसरल्या. खणांची पिशवी माळ्यावर गेली होती.

"पोलिसांना सांगितलंत?"

"नाही."

"घरी?"

"ह्यांना कसं सांगू? सासूबाई रोज अमरावतीहून फोन करून विचारतात, सापडल्या का. पाटल्या हरवल्या म्हटल्यावर हे माझ्याशी आठ दिवस एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, एवढं शिकून उपयोग काय. तक्रार करायचीसुद्धा मला घाई नव्हती, खरंच. ह्यांनी मोबाइलवर मसुदा लिहिला आणि मी सही केली."

त्या रडायला लागल्या. त्यांच्याही घरात एक ठाणं होतं, हे मला दिसत होतं. तिथेही प्रश्न विचारला जात होता आणि उत्तर लिहून घेतलं जात नव्हतं. मला त्यांची कीव आली. पण राग त्यामुळे कमी झाला नाही. त्यांना रागावायला त्यांचा नवरा होता, त्यांनी तो राग खालच्या बाईवर उतरवला, आणि त्यासाठी मी त्यांना शिक्क्यासह कागद दिला. बायकांनीच बायकांना, असं म्हणायला लोकांना फार आवडतं. अध्यक्ष नंतर तेच म्हणाले. मसुदा लिहिणारा पुरुष, बाकावर बसवणारा पुरुष, पत्र न देणारा पुरुष, पण भांडण बायकांचं.

"वहिनी, आज संध्याकाळपर्यंत ठाण्यात जबाब द्या," मी म्हणाले. "नाहीतर मी देते. जिन्यातलं बोलणं माझ्या वहीत लिहिलेलं असेल, तारीख-वेळेसकट."

"तुम्ही असं कराल?"

"मी हेच करते. एवढीच कामगिरी आहे माझी."

त्या गेल्या. मी सोबत गेले. यजमानांना त्यांनी गाडीत फोन करून सांगितलं आणि ते काय बोलले ते मला ऐकू आलं, ते लिहीत नाही. उपनिरीक्षकांनी जबाब घेतला आणि म्हणाले, "चला, सापडल्या, आनंद आहे. पेढे द्या."

"गुन्हा रद्द झाला ना आता?" मी विचारलं.

"असा रद्द होत नाही मॅडम. आम्ही 'क' समरी पाठवू कोर्टात. म्हणजे गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असा अहवाल. कोर्ट तक्रारदाराला नोटीस काढेल. त्यांनी येऊन हरकत नाही म्हणायचं. मग मंजूर."

"'ब' का नाही? खोटी तक्रार?"

"अहो, मुद्दाम थोडीच केली त्यांनी. चूक झाली."

गुन्हा अर्ध्या तासात दाखल झाला होता. चूक मिटवायला समरी कोर्टात पोहोचायलाच एक महिना लागला. ठेकेदाराने धरलेली जागा गेली. त्याने सांगितलं, मार्चच्या शेवटी दुसरी भरती आहे, तोवर प्रमाणपत्र आणा.

जानेवारीत पहिली तारीख लागली. वहिनी आल्या नाहीत, घरी सत्यनारायण होता. फेब्रुवारीत दुसरी. त्या दिवशी ऑफिसमध्ये रिव्ह्यू होता. दोन्ही वेळा ती सकाळी दहापासून कोर्टाच्या आवारात बसून होती, वास्तविक तिने यायची गरजही नव्हती. "मी नाही आले तर परत म्हणतील पळाली," ती म्हणाली. फेब्रुवारीत आम्ही दोघी एका कठड्यावर बसलो होतो. तिने त्या दिवशी माझ्या डब्यातली पोळी घेतली, भाजी नाही घेतली.

"आता कुठे काम करताय?" मी विचारलं.

"दोन घरं मिळाली. लांब आहेत. तिथं पण गेटवर वही आहे."

"वेळ बरोबर लिहितात?"

"मी आता स्वतः लिहिते. पेन घेऊन जाते माझं. आणि फोटो काढते त्या ओळीचा. वॉचमन म्हणतो, मावशी तू काय साहेब झालीस का. म्हटलं, झाले."

त्यावर आम्ही हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मधल्या काळात सोसायटीची सभा झाली. मी ठराव मांडला की बायकांच्या पिशव्या तपासणं बंद करावं, चिठ्ठीची पद्धत बंद करावी आणि सोसायटीने तिची लेखी माफी मागावी. माझ्या बाजूने तीन हात वर झाले, त्यातला एक माझा. त्याऐवजी असं ठरलं की रजिस्टरमध्ये चुका होतात, तेव्हा घरकामाच्या बायकांसाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसवावं. एक काका म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळेच कळलं की हाताने लिहिलेलं चालत नाही." सभेत हशा झाला. मी इतिवृत्तात हशासुद्धा लिहिला. अध्यक्षांनी तो खोडला. मी पुन्हा लिहिला आणि सचिवपदाचा राजीनामा त्याच पानाला टाचला.

तिसरी तारीख या गुरुवारची आहे. ठेकेदाराची भरती त्यानंतर बारा दिवसांनी. मावसबहीण म्हणते, तक्रारदार उभी राहिली आणि "हरकत नाही" म्हणाली तर त्याच दिवशी समरी मंजूर होऊ शकते, प्रमाणपत्राला आठवडा धर, होईल. नाही आली तर पुढची तारीख एप्रिलमध्ये.

काल रात्रीचं जेवण उरकायच्या आत मी चौथ्या मजल्यावर गेले. दार यजमानांनी उघडलं.

"वहिनी आहेत?"

"कॉलवर आहे."

"गुरुवारी साडेदहाला कोर्टात यायचंय त्यांना. मी रिक्षा सांगितली आहे, साडेनऊला खाली."

"अहो, पाटल्या मिळाल्या, आम्ही तक्रार मागे घेतली. विषय संपला ना आता? कोर्टकचेरीत बायकांना कशाला फिरवायचं."

"एका बाईला फिरवताय की चार महिने."

आत वहिनी दिसत होत्या, बेडरूमच्या दारात, हेडफोन गळ्यात. कॉल चालू नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"बघू," यजमान म्हणाले आणि दार लावलं.

आज सकाळी मी वहिनींना मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दुपारी केला. संध्याकाळी परत जिन्यात थांबले, त्या लिफ्टने गेल्या. मावसबहिणीला विचारलं, कोर्टाला समन्स काढून त्यांना आणवता येईल का. ती म्हणाली, येईल, पण त्यासाठी अर्ज हवा आणि अर्जालाही तारीख पडेल.

उद्या बुधवार आहे. वहिनींनी अजून हो म्हटलेलं नाही.